ताराबाईंनी शिवलेलं छप्पर

मित्रांनो, पावसाळा जवळ आला की तुम्ही घरात नवी छत्री मागता, नवा रेनकोट मागता. मी मात्र अंगावरची भोकं मोजू लागतो. मी एक जुना टार्प आहे. टार्प म्हणजे तंबू नव्हे. तंबूला भिंती असतात, दार असतं, खाली तळ असतो. माझ्याकडे यातलं काहीच नाही. मी म्हणजे नुसतं एक पातळ, चौकोनी, कापडी छप्पर. घडी घातली की तुमच्या दप्तराच्या एका कप्प्यात मावेन, आणि वजन म्हणाल तर तांब्याभर पाण्याएवढं. सध्या मी खताच्या एका रिकाम्या गोणीत आहे. ती गोणी ओढ्याकाठच्या करंजाच्या बेचक्यात अडकवलेली आहे, आणि या करंजाच्या समोर आमच्या गावाचं स्मशान आहे. दचकलात ना? मीही दचकलो होतो. मी इथे यायला जन्मलो नव्हतो.

माझं गाव शहापूर तालुक्यातलं, खर्डीच्या पुढे. स्टेशनावरून रिक्षा नाक्यापर्यंत आणते, मग भातखाचरांच्या बांधांवरून पायी यायचं. गावात कमळाकर नावाचे शेतकरी आहेत. त्यांची बायको ताराबाई, मोठी मुलगी दर्शना आणि धाकटा प्रणित. दर्शना कल्याणला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला जायची. आठवडाभर सुया आणि नळ्या, आणि सुट्टी आली की पाठीवर सॅक अडकवून डोंगरात. कमळाकर कपाळाला हात लावायचे. "डोंगर काय कमी बघितलास गो? दारातून दिसतो की माहुली," असं म्हणायचे. दर्शना हसायची आणि बुटांच्या नाड्या बांधायची.

माझा जन्म एका फजितीतून झाला. दर्शना आणि आटगावची तिची मैत्रीण कुणाली ऐन पावसात आजोबा नावाच्या डोंगरावर मुक्कामाला गेल्या होत्या. कुणालीने भावाचा गोल तंबू उसना आणला होता. दिसायला झकास, दोन पदरांचा, आत चौघे झोपतील एवढा. बाहेर पाऊस कोसळत होता म्हणून दोघींनी त्याच्या सगळ्या चेनी घट्ट लावून घेतल्या. मग त्यांच्या श्वासाचीच वाफ आतल्या पदराला धरली आणि टपटप गळू लागली. तळाला कुठेतरी चीर होती, तिच्यातून ओहोळ आत आला. सकाळी तो भिजलेला तंबू पाठीवर घेऊन उतरताना दर्शनाचा पाय घसरला आणि घोटा सुजला. घरी आली ती लंगडत, आणि पहिलं वाक्य बोलली ते हे: "आई, त्या तंबूत आमी पावसानं नाय भिजलो. तंबूनंच भिजवलं."

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच विषय घोळत होता. पावसात पाठीवरून न्यायला कोणतं छप्पर चांगलं? तिने एका पदराचा हलका तंबू पाहिला. तो उचलायला सोपा, पण आत घाम फुटल्यासारखा ओलावणार. दोन पदरांचा पाहिला. तो कोरडा राहील, पण भिजला की कोण वाहणार? तिने रेनकोटचंच छप्पर करता येतं असंही काहीतरी पाहिलं, पण मग रात्री उठायचं झालं तर अंगावर काय घालायचं?

कमळाकरांकडे सगळ्यावर एकच उत्तर होतं. "आपली ताडपत्री ने की. आख्खी उडवी झाकते ती." उडवी म्हणजे भाताच्या पेंढ्यांची रचलेली रास. कमळाकरांची ताडपत्री काळी, जाड, म्हशीच्या कातड्यासारखी.

"ती उचलायला बैल पायजे, बाबा," दर्शना म्हणाली.

शेवटी तिने मला निवडलं. म्हणजे माझं कापड निवडलं. सिलिकॉन चढवलेलं राखाडी नायलॉन, पातळ, पण पाणी आत न घेणारं. कमळाकरांनी ते बोटांत धरून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "ह्याला भिंती नायत, बूड नाय. ह्याच्यापेक्षा झाड बरं."

"भिंती नायत म्हणून तर बरं, बाबा. पावसात कोंडून घेतलं की आतली हवाच पाणी होते. वरून पाऊस अडवायचा आणि बाजूनं वारा खेळता ठेवायचा. मग खालचं कोरडं राहतं."

मित्रांनो, माझ्या आयुष्याचं सगळं शहाणपण या वाक्यात आहे. पुढे ते कुठे उपयोगी पडणार आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं.

मला शिवलं ताराबाईंनी. त्यांच्याकडे पायाने चालवायचं शिवणयंत्र होतं. गावातली पोलकी, परकर, भाताच्या फाटक्या गोण्या सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. पण माझ्यासारखं कापड त्यांनी आधी शिवलं नव्हतं. "मासळीवानी निसटतंय मेलं!" म्हणत त्यांनी मला दोनदा जमिनीवर आपटलं. मग त्यांनी माझ्याखाली वर्तमानपत्राच्या पट्ट्या धरल्या, कागदासकट शिवण मारली आणि नंतर कागद फाडून काढला. काय सरळ शिवण आली! कडा दुहेरी मुडपल्या. चारी कोपऱ्यांना प्रणितच्या जुन्या दप्तराच्या कापडाची ठिगळं आतून लावली, त्यांवर पट्ट्याचे फास शिवले, आणि त्या फासांवरून यंत्र पुढे-मागे, पुढे-मागे फिरवलं. दर्शना म्हणाली, "पुरे गो आई, वजन वाढेल." ताराबाईंनी मान वर न करता उत्तर दिलं, "जिथं ओढ बसते तिथं जीव जास्त घालावा लागतो."

दर्शनाने शिवणींवर ब्रशने सिलिकॉन फासलं. मी वाळलो. ताराबाईंनी मला झटकून घडी घातली आणि हात फिरवत म्हणाल्या, "तिच्या डोक्यावर ऱ्हा म्हंजे झालं." मला कोणी सांगितलेलं ते पहिलं काम.

मी ते काम केलं, मित्रांनो. मनापासून केलं. माहुलीच्या जंगलात केलं, मुरबाडकडच्या गोरखगडाखाली केलं, नाणेघाटाच्या वाटेवर केलं. ज्या बाजूने वारा येई ती माझी कड दर्शना जमिनीलगत उतरवायची, समोरची कड उंच ठेवायची. रात्री मी ओला होऊन थोडा सैल पडे, तेव्हा ती अर्धवट झोपेत उठून दोऱ्या ताणायची. शेजारचे तंबूवाले पहाटे ओल्या पांघरुणांसकट माझ्याखाली यायचे. "अरे, हे तर भारी आहे!" म्हणायचे. मी फुगून जायचो. आपण हलके आहोत याचा मला फार तोरा होता, आणि त्या काळ्या ताडपत्रीला मी मनातल्या मनात नावं ठेवायचो.

मला फक्त एकाच गोष्टीची भीती होती. विस्तवाची. पाऊस माझं काही करू शकत नाही, पण एक ठिणगी उडाली की मी जळत नाही, वितळतो. तेवढ्यापुरता मी नाहीसाच होतो. म्हणून दर्शना चहासुद्धा माझ्यापासून लांब दगडाआड जाऊन करायची. कोणी माझ्याखाली शेकोटी पेटवायला निघालं तर अंगावर धावून जायची.

मग डोंगर थांबले. ताराबाई आजारी पडल्या. आधी पाठ दुखते म्हणून, मग अंगावर सूज आली म्हणून, मग डॉक्टरांनी मूत्रपिंडाचं नाव घेतलं म्हणून. दर्शनाच्या सुट्ट्या आता दवाखान्याच्या बाकड्यांवर जाऊ लागल्या. मी माळ्यावर गेलो. शेवटच्या वेळी मला ओलंच गुंडाळलं होतं. माझ्या अंगाला कुबट वास येऊ लागला, घडीघडीवर काळे ठिपके धरले. मी मनात रुसलो होतो. आपली गरज संपली की माणसं वळूनही बघत नाहीत, असंच मला वाटायचं.

पण मला आठवण ठेवून माळ्यावरून काढलं ते ताराबाईंनी. सुजल्या पायांनी त्या शिडीच्या दोन पायऱ्या चढल्या, काठीने मला खाली ओढलं, साबणाने धुतलं आणि वळणीवर वाळत घातलं. शेजारची ठकी आजी ओट्यावर बसली होती. सगळं गाव तिला ठकी आजीच म्हणतं. तिने विचारलं, "तारे, जीवाचं बघ. त्या फडक्याचं काय घेऊन बसलीस?" ताराबाई दम खात म्हणाल्या, "पोरीचं हाय ते. ती परत जाईल ना डोंगरात. मी काय जन्मभर आजारी ऱ्हाणार हाय?"

त्या भाद्रपदात ताराबाई गेल्या.

सकाळी गेल्या. आदल्या दिवसापासून पाऊस थांबला नव्हता. खाचरं एकमेकांत मिसळली होती आणि ओढा तांबडा होऊन वाहत होता. आमच्या स्मशानात पूर्वी पत्र्याचं छप्पर होतं म्हणतात. एका वादळात पत्रे उडाले, पुढे खांबही गंजून पडले. नवं छप्पर होणार, मंजूर झालंय, कोणीतरी येऊन मोजून गेलंय, असं दरवर्षी ऐकू येतं. आता तिथे फक्त दगडांचा एक चौथरा आहे आणि वर उघडं आभाळ.

पुरुष मंडळी ताराबाईंना घेऊन निघाली. प्रणितच्या हातात मडकं होतं. पडवीतली सुकी लाकडं, गोवऱ्या प्लास्टिकात गुंडाळून पोरांनी डोक्यावर घेतल्या होत्या. सोबत कमळाकरांची काळी ताडपत्री होती. प्रणितने निघता निघता वळणीखालच्या फळीवरून मलाही काखोटीला मारलं. असू दे म्हणून, बस.

सरण रचलं. चौघांनी ताडपत्री चार कोपऱ्यांना धरून सरणावर ताणली. प्रणितने रडत रडत आईला अग्नी दिला, तुपावर गोवऱ्या धुमसल्या आणि बारीक जाळ दिसू लागला. सगळ्यांना वाटलं, झालं. पण ताडपत्री जड. तिच्या मध्यावर पाणी साचत गेलं, खोळ लोंबू लागली, धरणाऱ्यांचे हात भरून आले, आणि एका कोपऱ्याचा हात सुटला. घागरीने ओतावं तसं सगळं पाणी सरणावर पडलं. जाळ विझला. ताडपत्री वाऱ्याने फाटून चिखलात गेली. मित्रांनो, मी तिला इतकी वर्षं हसलो होतो. त्या क्षणी तिच्या जागी उभं राहायची वेळ माझ्यावर आली आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

अग्नी दिल्यावर माणसाला परत घरी नेत नाहीत. अर्धवट ठेवूनही जात नाहीत. आणि ओढ्याचं पाणी चौथऱ्याच्या खालच्या दगडाला लागलं होतं.

"तो दुसरा काढ," कमळाकर म्हणाले. 

प्रणितने मला उलगडलं. पण मला कसं बांधायचं हे तिथे कोणाला माहीत होतं? त्यांनी मला त्यांना येत होतं तसं बांधलं. उडवी झाकतात तसं. सरणावर टेकेल इतकं खाली, चारी कोपऱ्यांना घट्ट ओढून, कडांवर दगड ठेवून. पावसाचा थेंब आत जाऊ नये म्हणून. त्यांच्या हाताला आयुष्यभर हीच सवय. पेंढा असा झाकला की पावसाळाभर कोरडा राहतो, हे खरंच आहे. पण पेंढ्याला श्वास लागत नाही. जाळाला लागतो.

त्यांनी पुन्हा चूड लावली. माझ्याखाली धूर कोंडला. गोवऱ्या खोकल्यासारख्या भकभकल्या आणि काळ्या पडल्या. एक ज्वाळा उठली ती सरळ माझ्या पोटाला लागली, आणि ताटलीएवढा मी वितळून खाली थेंब थेंब पडलो. ताराबाईंच्या अंगावर पडलो, मित्रांनो. ज्या हातांनी मला शिवलं, त्या हातांवर. मला ओरडता आलं असतं तर सगळं रान जागं झालं असतं. काढा मला! उंच न्या मला! पण कापडाला कुठला आवाज?

सुक्या गोवऱ्या संपत आल्या, म्हणून कमळाकरांचा पुतण्या वाल्मिक आणखी आणायला घरी धावला. तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही. राख सावडायच्या दिवशी माणसं आपसांत बोलत होती त्यावरून मला कळलं. बायका ओट्यावर बसल्या होत्या. दर्शनाने वाल्मिकला दारातच अडवलं.

"पेटलं का रे?"

वाल्मिकने दाराला हात टेकून दम घेतला. मग म्हणाला, "नाय गो ताई. ताडपत्री फाटली. तुझा तो टारप बांधलाय, पन धूरच होतोय नुसता."

"कसा बांधलाय?"

"उडवीवानी."

दर्शना उठली आणि विहिरीवरचा दोर सोडायला लागली. तिची आत्या गीताबाई आडवी आली. "कुठं चाललीस? बायांनी वेशीच्या पुढं जायाचं नसतं गो. आपल्यात नाय चालत. लोक काय म्हनतील?"

तेव्हा ठकी आजी भिंतीला धरून उठली म्हणे. सगळ्यांत म्हातारी ती. ती म्हणाली, "गीते, बाजूला हो. ताराला काय पान्यात टाकून येतील का मग? जा गो पोरी. मी सांगते लोकांना काय सांगायचं ते."

मला दिसली ती बांधावरून पळत येणारी दर्शना. खांद्यावर दोराचं वेटोळं, पायात काही नाही. पुरुषांची रांग दुभंगली. कोणीतरी म्हणालं, "अरे, ही कशाला आली?" कमळाकरांनीही हात उगारला. "दर्शे, तू हितं यायाचं नाय."

"बाबा, आधी तो काढा. आई गुदमरतेय खाली."

कमळाकरांचा उगारलेला हात तसाच राहिला. मग त्यांनीच वाकून पहिला दगड बाजूला ढकलला.

त्यानंतर ती भरभर सांगत गेली. साईनाथ नावाच्या शेजारच्या माणसाला तिने दोराचं टोक देऊन करंजावर चढवलं. दुसरं टोक समोरच्या ऐनाच्या झाडाच्या फांदीला, उंच. दोर सरणाच्या बरोबर वरून ताणला गेला, माणसाच्या दुप्पट उंचीवर. त्यावर तिने मला टाकलं. माझे कोपरे जमिनीला बांधलेच नाहीत. चार दोऱ्या चार माणसांच्या हातात दिल्या. एक साईनाथच्या, एक वाल्मिकच्या, एक कमळाकरांच्या, आणि चौथी तिने स्वतः मनगटाला गुंडाळली. "वारं फिरलं की फिरायचं," ती म्हणाली. "वाऱ्याकडची कड खाली, दुसरी वर. मधे पाणी साचू द्यायचं नाय. बाबा, हात सैल सोडू नका."

प्रणितने ओल्या गोवऱ्या उपसून टाकल्या आणि वाल्मिकने आणलेल्या सुक्या खाली सरकवल्या. चूड लागली. धूर उठला, आणि या वेळी माझ्या उंच कडेखालून मोकळा बाहेर पडला. त्याच्या मागोमाग पिवळा जाळ दिसला.

मित्रांनो, मला विस्तवाची भीती वाटते हे मी सांगितलंय. माझ्या पाठीवर आभाळ फुटलं होतं आणि पोटाखाली सरण होतं. ठिणग्या वर येत होत्या. एकेक ठिणगी टेकली की एकेक भोक. वाऱ्याचा हिसका आला की चारी माणसं चिखलात घसरत, पुन्हा सावरत. त्या हिसक्यांनी माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर कोपऱ्यातून फाटलं असतं. माझे कोपरे फाटले नाहीत. जिथे ओढ बसते तिथे जीव घातला होता ना ताराबाईंनी. मी मनात एकच म्हणत होतो, आई, तुझी शिवण सुटू देणार नाही. हो, मी त्यांना आईच म्हणालो. माझी तरी दुसरी कोण होती?

लाकडं तडतडली. जाळ मोठा झाला, मग एवढा मोठा झाला की पावसाचे थेंब त्याच्यात पडायच्या आधीच वाफ होऊ लागले. आता माझं काम झालं होतं. साईनाथने दोरी सोडली, वाल्मिकने सोडली. कमळाकरांनीही सोडली. दर्शनाने सोडली नाही.

तिची मूठ वळलेली होती आणि ती जाळाकडे बघत होती. माझा मध्य सरणावर लोंबत होता. तो वितळू लागला. मला कळत होतं तिचं. छप्पर धरलेलं होतं तोवर आईसाठी काहीतरी करणं चालू होतं. सोडलं की मग करण्यासारखं काहीच उरत नव्हतं. मला चटके बसत होते, तरी मी तिला सोड म्हणू शकत नव्हतो आणि मला म्हणायचंही नव्हतं.

कमळाकर चिखलातून तिच्याजवळ आले. जन्मात कधी त्यांनी तिला जवळ घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी तिच्या मनगटाचा एकेक वेढा उलगडला. "सोड आता, बाय. पेटली ती. आता पाऊस तिचं काय करत नाय."

ती मोठ्याने रडली. मी दोरावरून घसरून चिखलात पडलो.

स्मशानातली वस्तू घरी नेत नाहीत. दर्शनाला मला न्यायचं होतं. माझ्या कडेकडेला तिच्या आईच्या हाताचा टाका होता, आणि घरात आता दुसरं तसं काय राहिलं होतं? पण राख सावडायच्या दिवशी ती आली, तेव्हा पलीकडच्या पाड्यावरचा दामू तिथे हात जोडून उभा होता. त्याचा बाप आदल्या पावसाळ्यात गेला होता, आणि तेव्हाही या उघड्या चौथऱ्यावर भर पाऊस होता. त्याने फक्त विचारलं, "ताई, ह्यो हितंच ठेवशील का?"

दर्शनाने मला ओढ्यात धुतलं, भोकांवर चिकटपट्ट्या लावल्या, मधल्या मोठ्या भगदाडावर जुन्या रेनकोटचा तुकडा बसवला. मग मला गोणीत घालून या बेचक्यात ठेवलं. मला कसं बांधायचं हे तिने दामूला, साईनाथला, वाल्मिकला दाखवलं. आता आसपासच्या पाड्यांना माहीत आहे: उंच बांधायचा, कोपरे हातात ठेवायचे, जाळाने जीव धरला की सोडायचा. उडवीसारखा आता मला कोणी बांधत नाही.

त्यानंतर मी किती जणांच्या डोक्यावर ताणला गेलो ते सांगत नाही. प्रत्येक वेळी माझा थोडा थोडा भाग वर जातो. चिकटपट्टीवर चिकटपट्टी चढली आहे. उन्हाने माझा रंग उडाला, सिलिकॉनचा थर सोलतोय. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका माणसाच्या वेळी मी इतका गळलो, की त्याच्या मुलांनी आपले रेनकोट काढून माझ्यावर पसरले आणि स्वतः भिजत उभी राहिली. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. छप्पर असून ज्याच्याखाली पाऊस पडतो त्याने करायचं काय?

छप्पर मंजूर आहे असं अजूनही म्हणतात. मध्यंतरी कोणी साहेब येऊन गेले. त्यांनी मला उघडायला लावलं, माझा फोटो काढला आणि म्हणाले, "वा, चांगली सोय केलीय तुम्ही लोकांनी." मी फाटून का गेलो नाही त्या वेळी, असं मला वाटलं. मी आहे म्हणूनच नवं छप्पर येत नाही की काय, या विचाराने मला पानगळीतसुद्धा चैन पडत नाही.

आणि आता शेवटचं. परवा कोरड्या दुपारी ठकी आजी काठी टेकत इथे आली. एकटी. बाई माणूस, तेही एकटं, या जागी येत नाही, पण तिला आता कोण अडवणार? तिने काठीने माझी गोणी खाली पाडली, मला बाहेर काढलं आणि दोन्ही हातांनी उन्हाकडे धरलं. माझ्यातून तिच्या सुरकुतलेल्या तोंडावर उन्हाचे कवडसे पडले. कितीतरी पडले. ती ते बघत राहिली. मग अगदी हळू, शेजारणीला विचारावं तसं म्हणाली, "माज्या टायमाला पुरशील ना रे बाबा?"



तिने मला नीट घडी घातली, गोणीत ठेवलं, गोणीचं तोंड सुतळीने बांधलं आणि झाडाच्या बुंध्याशी टेकवून ठेवलं, कारण वर पोहोचायला तिचा हात पुरला नाही. दुसऱ्या दिवशी वाल्मिकने मला पुन्हा बेचक्यात चढवलं.

मित्रांनो, माझ्यासारखे टार्प, तंबू, छत्र्या तुमच्याकडे असतील. त्या वाळवून ठेवा, ओल्या गुंडाळू नका, विस्तवापासून जपा. हे मी सांगायलाच हवं. पण मला आज माझी काळजी घ्या असं म्हणायचं नाही. मी हलका म्हणून निवडला गेलो, जिवंत माणसांच्या डोक्यावर राहायला. मेलेल्या माणसांसाठी चार खांब आणि पक्के पत्रे लागतात. ते कापडाने होणार नाही. तुमच्या गावाच्या कडेला जाऊन बघा, तिथे वर काही आहे का. नसेल तर घरी विचारा, शाळेत विचारा, ग्रामसभेत बापाच्या शेजारी उभं राहून विचारा. मोठी माणसं एकमेकांना उत्तरं देऊन गप्प बसवतात. लहान मुलाने तोंडावर विचारलं की त्यांना खाली बघावं लागतं.

आज सकाळी वाल्मिक म्हैस घेऊन ओढ्यावर आला होता. दामूशी बोलत होता. म्हणाला, ठकी आजीने कालपासून काही खाल्लं नाही, नुसती पडून आहे. बोलता बोलता दोघांनीही एकदा आभाळाकडे पाहिलं आणि एकदा माझ्या गोणीकडे. डोंगराच्या मागे काळं भरून आलं आहे. घाई करा, मित्रांनो.